बेटकास्टिंग रीळ : हिशेब अंतराचा आणि पैशाचा

 

या मालिकेत आपण आतापर्यंत होकायंत्र, दुर्बीण, तोफेचा गाडा अशा वस्तूंचा इतिहास पाहिला. आजची वस्तू मुठीत मावणारी आहे. गळाने मासे धरणाऱ्यांचं बेटकास्टिंग रीळ. हा विषय का घेतला ते सांगतो. इथे हेब्बाळ आणि मान्यता टेक पार्कच्या आसपास नोकरीनिमित्त आलेली बरीच मराठी मुलं राहतात. शनिवार-रविवारी गळ टाकायचा नाद त्यातल्या काहींना लागला आहे. मी तोफखान्यातून निवृत्त झालो आणि गळाचा शौक जुना, हे कळलं की त्यांचा ठरलेला प्रश्न येतो. "सर, कोणतं रीळ सगळ्यात लांब फेकतं? आणि पैसे वसूल कशात होतात?"

उत्तर एका वाक्यात आधीच देऊन टाकतो. कुठलंही रीळ लांब फेकत नाही. फेकतो तो तुमचा हात आणि काठी. रीळ फक्त त्या फेकीतून थोडं कापून घेतं. जकात नाक्यासारखं समजा. माल तुमचा, नाका वसुली करणार. चांगलं रीळ म्हणजे कमी वसुली करणारा आणि वाटेत गाडी न अडवणारा नाका. हे एकदा डोक्यात बसलं की दोनशे वर्षांचा इतिहासही समजतो आणि दुकानात हातही आखडता घेता येतो.

फिरकी आणि ढील

ज्यांनी लहानपणी संक्रांतीला पतंग उडवलाय त्यांना हे यंत्र वेगळं शिकवावं लागत नाही. पतंगाला ढील देताना फिरकी धरणारा पोरगा आठवा. फिरकी त्याच्या हातात गरागरा फिरते आणि मांजा सुटत जातो. मध्येच पतंगाची ओढ कमी झाली आणि पोराने फिरकी दाबली नाही, तर काय होतं? मांजा बाहेर जात नाही, फिरकी मात्र फिरतच राहते. क्षणात सगळा गुंता.

बेटकास्टिंग रिळात हेच घडतं. फिरकी काठीला आडवी बसवलेली असते आणि आमिष उडालं की दोर तिला फिरवत बाहेर पडतो. आता थोडं गणित करू. समजा आमिष काठीच्या टोकावरून सेकंदाला २५ मीटर वेगाने निघालं. फिरकीचा व्यास ३४ मिलिमीटर, म्हणजे परीघ साधारण १०७ मिलिमीटर. तेव्हा फिरकीला सेकंदाला सुमारे २३४ फेरे घ्यावे लागतात, मिनिटाला १४ हजार. आमिषाला हवा लगेच अडवायला लागते, त्याचा वेग उतरतो. फिरकीला हवेचा तसा अडथळा नाही, ती जडत्वाने फिरत राहते. आत दोर जास्त सुटतो, बाहेर कमी जातो. अमेरिकन मंडळी त्या गुंत्याला पक्ष्याचं घरटं म्हणतात. सोडवायला बसलात की नाव किती नेमकं आहे ते कळतं.

आणखी एक आकडा. सेकंदाला २५ मीटर वेगाने, ४५ अंशांच्या कोनात सुटलेली वस्तू हवेचा अडथळा अजिबात नसेल तर जवळपास ६४ मीटर जाते. तोफखान्यात नव्या अधिकाऱ्याला पहिल्या आठवड्यात हे शिकवतात. म्हणजे त्या वेगाला ६४ मीटर हे छत आहे. जगातलं सर्वांत महाग रीळ लावा, ६५ वा मीटर मिळणार नाही. हवा तिचा वाटा घेणार, दोर कड्यांमधून घासत त्याचा घेणार, फिरकी आणि ब्रेक त्यांचा घेणार. रिळांची तुलना करायची ती याच शेवटच्या वाट्यावर.

राजाच्या ग्रंथापासून सोनाराच्या दुकानापर्यंत

गळाचा खेळ आपल्याकडे परका नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात, ११३० च्या सुमारास, 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. मराठीच्या अभ्यासकांना तो जवळचा, कारण महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या गातात असा उल्लेख त्यात आहे. त्याच ग्रंथात 'मत्स्यविनोद' नावाचं प्रकरण आहे. काठी, दोर, गळ, आमिषं, कुठला मासा काय खातो आणि कुठे सापडतो, हे सगळं त्यात येतं. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये त्यावर लेख लिहून ते जगापुढे आणलं. कल्याणी म्हणजे आजचं बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण, आपल्या सीमेलगतचं.

सोमेश्वराच्या काठीवर रीळ नव्हतं. रिळाचं आज माहीत असलेलं सर्वांत जुनं चित्र चीनमधलं, मा युआन या चित्रकाराचं, ११९५ च्या सुमाराचं. थंडीतल्या सरोवरात एकटा माणूस होडीत बसलाय आणि त्याच्या काठीला छोटं चाक आहे. इंग्लंडमध्ये छापील उल्लेख सापडतो तो १६५१ चा, थॉमस बार्कर याच्या पुस्तकात. पण ही सगळी चाकं दोर गुंडाळून ठेवायला होती. फेकायला नव्हती.

फेकायचं रीळ घडलं ते अमेरिकेत, केंटकी राज्यातल्या पॅरिस नावाच्या गावात. जॉर्ज स्नायडर हा घड्याळं आणि चांदीकाम करणारा कारागीर. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या वीस वर्षांत त्याने असं रीळ बनवलं की दांडी एकदा फिरवली की फिरकी चारदा फिरते. दातेरी चाकांनी वेग वाढवण्याची कल्पना इंग्लंडमध्ये आधी होती, पण तिथल्या रिळांची चाकं लवकर झिजत. स्नायडरने घड्याळजीची सफाई आणली. बारीक दाते, गुळगुळीत आस, अगदी कमी घर्षण. फिरकी इतकी हलकी फिरे की आमिषाच्या ओढीने दोर आपोआप सुटे. पुढे फ्रँकफर्ट गावच्या मीक बंधूंनी हीच रिळं नावारूपाला आणली. केंटकी रीळ म्हणजे त्या काळचं उत्तम घड्याळच, आणि किंमतही तशीच.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या रिळाला ब्रेक नव्हता. ब्रेक म्हणजे माणसाचा अंगठा. आमिष हवेत असताना अंगठा फिरकीला किती, कधी आणि कसा टेकवायचा, हीच सगळी विद्या. दोर गुंडाळतानाही तो अंगठ्यानेच इकडून तिकडे सारखा पसरावा लागे. मिशिगनमधल्या कॅलमझू गावच्या विल्यम शेक्सपिअर (हा नाटककार नव्हे) याने १८९७ च्या सुमारास दोर आपोआप सारखा पसरवणारी सरकती कडी रिळाला जोडली. आजच्या जवळजवळ प्रत्येक बेटकास्टिंग रिळावर ती दिसते. ती सोय आहे, पण जकातही आहे. दोर अरुंद कडीतून घासत जातो, थोडं अंतर कापलं जातं. निव्वळ अंतराच्या स्पर्धा खेळणारे लोक ती कडी काढूनच टाकतात.

इंग्लंडने दुसरा रस्ता घेतला. ब्रॅडफर्ड या कापडगिरण्यांच्या गावातला आल्फ्रेड इलिंगवर्थ याने १९०५ मध्ये न फिरणाऱ्या फिरकीचं रीळ पेटंट केलं. गिरणीतल्या कांडीवरून सूत जसं टोकाकडून वेढ्यावेढ्याने सुटतं, तसा दोर सोडायचा. सोलापूर-इचलकरंजीच्या माणसाला हे डोळ्यांसमोर उभं राहील. फिरकीच फिरत नाही, मग गुंता तसा होत नाही. आज ज्याला स्पिनिंग रीळ म्हणतात ते हेच. अगदी हलकं आमिष लांब टाकायचं असेल तर आजही स्पिनिंग रीळ सरस आहे. बेटकास्टिंगचा जोर जड आमिष, जाड दोर, अचूक जागा आणि मोठ्या माशाशी झुंज यात.

टॅक्सीमीटर, सायकल आणि विजेचा मीटर

पुढची गोष्ट १९२१ सालची, आणि त्या एका सालात दोन ठिकाणांची.

स्वीडनमधल्या स्वांगस्टा गावी कार्ल आउगुस्ट बोर्गस्ट्रॉम याने अबू ही घड्याळ कंपनी काढली. ती टॅक्सीचे मीटर बनवू लागली. त्याच वर्षी जपानमधल्या साकाई शहरात शोझाबुरो शिमानो याने कारखाना सुरू केला आणि सायकलचं फ्रीव्हील बनवायला घेतलं. माशांशी दोघांचा संबंध नव्हता.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेना, टॅक्सी उभ्या राहिल्या, मीटर कोण घेणार? अबूकडे बारीक दातेरी चाकं कापणारे कारागीर होते आणि काम नव्हतं. त्यांनी मासेमारीची रिळं करायला घेतली. त्यातून १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला लाल रंगाचं अँबॅसडर ५००० आलं. आपल्या हिंदुस्तान मोटर्सच्या अँबॅसडरशी त्याचं नातं नाही, पण स्वभाव सारखा. दणकट, दुरुस्त होणारं, वडिलांकडून मुलाकडे जाणारं.

त्यात दोन गोष्टी होत्या. कळ दाबली की फिरकी दातेरी चाकांपासून सुटी होई, म्हणजे फेकताना दांडी आणि चाकं फिरवण्यात जोर वाया जात नसे. दुसरी गोष्ट केंद्रोत्सारी ब्रेक. फिरकीवर दोन छोटे ठोकळे बसवलेले. फिरकी जोरात फिरली की ते बाहेर फेकले जाऊन कड्याला घासतात. वेग उतरला की घासणं आपोआप कमी. अंगठ्याचं निम्मं काम यंत्राने उचललं.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या दाइवाने चुंबकाचा ब्रेक प्रसिद्धीला आणला. घरातला जुना विजेचा मीटर आठवा. काचेमागे ॲल्युमिनियमची चकती सावकाश फिरायची. ती भरकटू नये म्हणून तिच्या कडेला एक कायमचा चुंबक असे. धातू चुंबकाजवळून फिरला की त्यात भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह तयार होतात आणि ते फिरण्याला विरोध करतात. कुठे काही घासत नाही, म्हणून झीज नाही. रिळाच्या बाजूला आकडे लिहिलेली जी चकती असते ती चुंबक जवळ-लांब नेते, बस. एकविसाव्या शतकात शिमानोने फिरकीचा वेग मोजून ब्रेक लावणारी इवलीशी चिप बसवली. ती रिळं डीसी नावाने विकली जातात. गंमत म्हणजे त्यांच्या एका नामांकित मालिकेचं नाव कलकत्ता आहे.

आता मागे वळून पाहा. सोनार, गिरणीवाला, टॅक्सीमीटरवाला, सायकलवाला. स्नायडरनंतरची बहुतेक मोठी सुधारणा फिरकी अधिक मोकळी फिरवण्याची नाही. मोकळी तर ती दोनशे वर्षांपूर्वीच झाली होती. सुधारणा झाली ती तिला वेळेवर आवरण्यात. ज्याचा ब्रेक नेमका, तोच निर्धास्तपणे पूर्ण जोर लावू शकतो. गुंत्याची भीती असलेला माणूस हात आखडून फेकतो, आणि अंतर तिथेच जातं.

मग तुलना कशी करायची?

तोफखान्यातली एक सवय इथे उपयोगी पडते. आम्ही सर्वांत लांब गेलेल्या गोळ्यावरून तोफेची परीक्षा करत नाही. सरासरी कुठे पडली आणि गोळे किती विखुरले, हे बघतो. रिळाचंही तसंच. मोकळं मैदान घ्या. गळ काढून टाका, नुसतं वजन बांधा. तेच वजन, तीच काठी, तोच दोर, वाऱ्याकडे पाठ. प्रत्येक रिळाने दहा फेकी करा, दहाही टेपने मोजा आणि सरासरी काढा. गुंता झालेली फेकही धरायची, ती वगळायची नाही. जाहिरातीत दिसते ती दहातली सर्वांत लांब फेक. नदीवर तुमच्या कामाची असते ती सरासरी.

अशी परीक्षा केलीत तर तीन गोष्टी दिसतील.

पहिली, फिरकीचं वजन. काठीला आमिषासोबत फिरकीलाही वेग द्यावा लागतो. फिरकीचं जे वजन कडेला आहे, ते जवळपास आमिषाच्या वजनात मिळवल्यासारखं हाताला जाणवतं. आमिष ७ ग्रॅमचं आणि दोरासकट फिरकी २५ ग्रॅमची असेल तर तुम्ही जोर कुणावर खर्च करताय, तुम्हीच बघा. आमिष ३० ग्रॅमचं असेल तर तो फरक फारसा उरत नाही. म्हणून भोकं पाडलेल्या हलक्या फिरकीसाठी जास्त पैसे मोजायचे ते फक्त हलकी आमिषं वापरणाऱ्याने.

दुसरी, दोर. ०.३० मिलिमीटर जाडीचा १०० मीटर नायलॉनचा दोर साधारण ८ ग्रॅम भरतो. ०.२० मिलिमीटरचा विणलेला दोर ३ ग्रॅमच्या आसपास, आणि ताकदीला कमी नाही. कड्यांमधून घासतोही कमी. शिवाय गरजेपेक्षा जास्त दोर भरूच नका. पन्नास मीटर फेकणाऱ्याने दोनशे मीटर गुंडाळून ठेवणं म्हणजे दर वेळी रिकामं ओझं फिरवणं. रीळ न बदलता नुसता दोर बदलून मिळणारा फायदा बहुतेक वेळा रीळ बदलण्यापेक्षा मोठा असतो.

तिसरी गोष्ट किमतीची. अगदी स्वस्त रीळ आणि मधल्या किमतीचं रीळ यात फरक खरा आहे. बेअरिंग, फिरकीचा समतोल, ब्रेकचा सारखेपणा, ड्रॅगची घसर, सगळं बदलतं. मधल्या आणि सर्वांत महाग यात सरासरी अंतराचा फरक थोडा असतो. चिपवाल्या रिळाची खरी किंमत नवशिक्याला आणि वाऱ्यासमोर फेकणाऱ्याला कळते, कारण ते गुंते वाचवतं. ज्याचा अंगठा तयार आहे त्याने त्या पैशात चांगली काठी घ्यावी. आणि दुकानदाराला एक प्रश्न नक्की विचारा, सुटे भाग मिळतात का? कोकणात खाऱ्या पाण्यावर जाणाऱ्यांना तर हा प्रश्न पहिला. परत आल्यावर गोड्या पाण्याने हलकं धुणं, बेअरिंगला थेंबभर तेल, हे न करणाऱ्याला कुठलंच रीळ स्वस्त पडत नाही.

आणि मासा?

इथपर्यंत यंत्राची किंमत झाली. पण दोराच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे, हे पाहिल्याशिवाय वसुलीचा हिशेब पुरा होत नाही. त्यासाठी इथून शंभरेक किलोमीटरवरच्या कावेरीकडे जाऊ.

भारतातल्या गळवाल्यांचा राजा म्हणजे महसीर. त्याच्यावर पहिलं मोठं पुस्तक लिहिलं हेन्री सलिव्हन थॉमस या मद्रास इलाख्यातल्या सनदी अधिकाऱ्याने. 'द रॉड इन इंडिया' मंगळूरला १८७३ मध्ये छापलं गेलं. कावेरी खोऱ्यातला महसीर पाठीला उंच वशिंड असलेला आणि अवाढव्य. १९१९ मध्ये मेजर रिव्हेट-कार्नॅक यांनी कावेरीत ११९ पौंडांचा धरला. १९४६ मध्ये म्हैसूरच्या प्रसिद्ध व्हॅन इंजन घराण्यातल्या डी वेट व्हॅन इंजन यांनी कबिनी नदीत १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोचा धरला. तारखा नीट पाहा. दोन्ही मासे लाल अँबॅसडर जन्माला येण्याआधीचे. चुंबक नाही, चिप नाही, आजच्यासारखा विणलेला दोर नाही.

पुढे नदीत सुरुंगाच्या दारूने मासे मारणं वाढलं आणि मोठा महसीर संपला असंच लोक समजू लागले. १९७७-७८ मध्ये तीन इंग्रज तरुण शोध घ्यायला आले आणि त्यांनी ९२ पौंडांचा मासा धरून दाखवला. त्यानंतर कावेरीवर गळवाल्यांचा ओघ लागला. बंगळूरच्या वाइल्डलाइफ असोसिएशन ऑफ साउथ इंडिया या १९७२ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने आणि कर्नाटक सरकारच्या जंगल लॉजेसने नदीचे पट्टे सांभाळले. भीमेश्वरी, गालिबोरे, दोड्डमाकळी हे तळ प्रसिद्ध झाले. नियम एकच, मासा धरा, वजन करा, नोंद करा, जिवंत सोडा. शिजवलेल्या नाचणीच्या पिठाचा मोठा गोळा गळाला लावायचा आणि खडकांमधल्या धारेत टाकायचा. तिथे लांब फेकीपेक्षा महत्त्वाचा असायचा भक्कम ड्रॅग आणि भरपूर दोर. म्हणून मोठी गोल रिळं तिथे वर्षानुवर्षे चालली.

आता या गोष्टीत आपला महाराष्ट्र येतो. कर्नल विल्यम हेन्री साइक्स हा मुंबई फौजेतला अधिकारी पेशवाईच्या अखेरीस दख्खनेत लढला आणि मग त्याच दख्खनेची मोजदाद करायला नेमला गेला. सरदारकी सोडून मासे आणि पक्षी मोजत बसलेला हा फौजी मला नेहमीच आपला वाटत आला आहे. त्याने पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेतल्या एका महसीराचं वर्णन १८३९ मध्ये प्रसिद्ध केलं आणि स्थानिक नावावरून त्याला 'खुद्री' हे शास्त्रीय नाव दिलं. हा निळ्या पंखांचा महसीर. दख्खनेतल्या नद्यांना धरणं आणि सांडपाणी लागलं तसा तोही घटला. तेव्हा १९७० च्या दशकात लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीच्या वळवण तलावाकाठी सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी त्याची कृत्रिम पैदास यशस्वी केली. लाखो पिल्लं तयार झाली आणि देशभर वाटली गेली. हेतू चांगला होता आणि काम मोठं होतं.

ती पिल्लं कावेरीतही सोडली गेली. काय झालं ते कळलं गळवाल्यांच्या वह्यांमुळे. गालिबोरे तळावर १९९८ ते २०१२ या काळात जी फेक, जो मासा, जे वजन लिहिलं गेलं होतं, त्याचा शास्त्रज्ञांनी अभ्यास केला. २३ हजारांहून जास्त तासांची मासेमारी, ६ हजारांहून जास्त महसीर. आकडे सांगत होते की निळ्या पंखांचे मासे झपाट्याने वाढले आणि वशिंडवाले दिसेनासे होत गेले. कारण एकच नाही. धरणं, वाळूउपसा, सुरुंग ही सगळी आहेतच. पण बाहेरचा मासा मोजमाप न करता सोडणं हेही त्यात आहे. जगभर गाजलेल्या या वशिंडवाल्या महसीराची शास्त्रीय ओळख पक्की झाली ती २०१८ मध्ये, 'टोर रेमादेवी' म्हणून. त्याच वर्षी तो आंतरराष्ट्रीय लाल यादीत अतिसंकटग्रस्त ठरला. बारसं आणि धोक्याची घंटा एकदमच.

मला या इतिहासात तीच गोष्ट दिसते जी रिळात दिसली. फिरकी मोकळी सोडणं सोपं आहे. आवरायचं कधी, हे ज्याला कळतं त्याचाच दोर सरळ राहतो. पिल्लं सोडण्याचा उत्साह मोकळा सुटला, त्यावर अंगठा ठेवायला वेळेवर कुणी नव्हतं.

दुसरी बाजूही तितकीच खरी. २०१२ च्या सुमारास संरक्षित वनक्षेत्रातली गळमासेमारी बंद झाली, तेव्हा तळांवरच्या वह्याही बंद झाल्या. बंदी योग्य की अयोग्य यावर जाणकारांत मतभेद आहेत. पण त्या वह्या नसत्या तर एक मासा नाहीसा होतोय हे कुणाला कळलंही नसतं. लाखाच्या रिळापेक्षा दहा रुपयांच्या वहीची किंमत तिथे जास्त ठरली.

तेव्हा मुलांनो, तुमच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर असं. मधल्या किमतीचं, सुटे भाग मिळणारं रीळ घ्या. बारीक, चांगला दोर घ्या आणि बेताने भरा. मैदानावर गळाशिवाय सराव करा, अंगठा तयार करा. पाण्यावर जाण्याआधी परवानगी कुणाची लागते ते विचारा. अभयारण्यात आणि देवाच्या डोहात गळ टाकायचा नाही. रायगडात महाडजवळ वाळण कोंडीचे महसीर गावकऱ्यांनी देवीचे म्हणून पिढ्यान्‌पिढ्या राखले आहेत. ते बघायला जा, हात जोडा, परत या. आणि जिथे परवानगी आहे तिथे धरलेल्या प्रत्येक माशाची जात, लांबी, वजन, जागा आणि तारीख लिहून ठेवा. कुठल्या नदीचा कुठला मासा, हे ओळखायला शिका. पैसे वसूल होतात ते तिथे.

पुढच्या भागात कर्नल साइक्सच्याच मागे जाऊ आणि दख्खनेची पहिली मोजणी कशी झाली ते पाहू. तोवर निरोप घेतो.

जय हिंद.